विचारा मावशीला: सिलोन, तंबूतला सिनेमा आणि जात्याचा खुंटा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की आमच्या घरी लाइट यायच्या आधी संध्याकाळी काय काय चालायचं, तर त्यावर खानापूर, निपाणी, हुक्केरी, बेळगाव सगळीकडून पत्रं आली, मेसेज आले. बहुतेक नातवंडांचीच आहेत. आज्जी-आजोबा काहीतरी सांगतात आणि ते नेमकं काय होतं ते कळत नाही, म्हणून विचारलंय. सगळ्यांना एकदम उत्तर देता येत नाही, ह्यावेळी सहा घेते.

प्रश्न: मावशी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. माझी आज्जी सांगते की त्यांच्या गल्लीत एकाच घरी रेडिओ होता आणि बुधवारी रात्री सगळी गल्ली तिथं सिलोन ऐकायला जमायची. सिलोन म्हणजे श्रीलंकाच ना? मग आपलं आकाशवाणी सोडून तिकडचं का ऐकायचे? आणि एवढ्या लांबचं स्टेशन इकडं लागायचं कसं?

होय गे पोरी, श्रीलंकाच. आज्जी बरोबर सांगत्यात. आमच्या गल्लीत पण एकच रेडिओ होता, समोरच्या घरच्या सोप्यात, लाकडी पेटीचा, त्यावर क्रोशाचं झाकण. बुधवारी आठ वाजायच्या आधीच पोरं पुढं, बाप्ये कट्ट्यावर आणि आम्ही बायका-पोरी माजघराच्या दाराशी. वॉल्व्हचा रेडिओ तो, बटण फिरवलं की लगेच बोलत नसे, आतले काचेच्या बल्बासारखे वॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट तरी जायचा, मग तो हिरवा डोळा हळूहळू उजळायचा नि घरघर सुरू व्हायची. तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही, खोकायचं पण नाही. मला गाण्यांइतकीच ती शांतता आठवते.

आता सिलोनच का. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, त्यामुळं आकाशवाणीवर ती कमी होत होत जवळजवळ बंदच झाली. लोकांना तर गाणी पाहिजेच होती. तिकडं सिलोनात दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी चालवलेलं ताकदीचं स्टेशन होतं, लढाई संपल्यावर ते तिथल्या सरकारकडं आलं आणि त्याचं रेडिओ सिलोन झालं. त्याच १९५२ च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला हा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, अमीन सायानींच्या आवाजात, आणि मग काय, बुधवार त्यांचा झाला तो झालाच. आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली तरी गीतमाला सिलोनवरच राहिली, विविध भारतीवर ती आली १९८९ ला. सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले तेव्हा मी दिवसभर घरात कुणाशी धड बोलले नाही.

केसकरांना मात्र आज सगळे नुसती नावं ठेवतात, ते मला पटत नाही. सिनेमाच्या गाण्यांच्या बाबतीत त्यांचं चुकलंच, पण शनिवारी रात्री देशभर लागणारा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम पण १९५२ पासूनचाच, आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरींना मोठमोठ्या गवयांचं गाणं फुकट ऐकायला मिळालं ते त्यामुळंच. मैफलीला आम्हाला कोण नेणार होतं?

आणि लागायचं कसं, तर ते शॉर्टवेव्ह. ह्या लहरी तिरक्या वर जातात, जमिनीपासून शंभर ते तीनशे किलोमीटरवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो त्याला आपटून परत खाली येतात, त्यामुळं समुद्र, डोंगर काही आडवं येत नाही. तो थर सारखा हलतो, म्हणून आवाज मोठा-बारीक व्हायचा, लाटेसारखा. आज्जीना विचारा, ऐन गाण्यात आवाज बुडाला की सगळी गल्ली कशी हळहळायची ते! मीडियमवेव्हचं थोडं वेगळं, दिवसा त्या थराचा खालचा भाग ह्या लहरी गिळून टाकतो आणि सूर्य मावळला की तो भाग विरून जातो, म्हणून रात्री लांब-लांबची स्टेशनं आपोआप लागायची.

जवळची म्हणाल तर दोन. धारवाड १९५० पासूनचं आणि सांगली १९६३ पासूनचं. एक कन्नड, एक मराठी, आणि काटा त्या दोन्हींच्या मधेच फिरायचा आमचा. वडील बाजारभाव नि शेतीचं ऐकायला सांगली लावायचे, आजोबा गाण्यासाठी धारवाड, आणि दोन्हीकडचं सगळ्यांना कळायचं. हे आमच्या भागाचं वैशिष्ट्य आहे असं तेव्हा कधी वाटलंच नाही, घरातल्या दोन खिडक्या असाव्यात तसं ते होतं.

प्रश्न: आजोबांचा जुना वॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर सापडलाय. लाइटीला लावून बघू का? (बेळगाव, टिळकवाडी)

नको, अजिबात नको! एवढं ऐका माझं. चाळीस-पन्नास वर्षं बंद पडलेल्या रेडिओतले कंडेन्सर वाळून गेलेले असतात, वायरीचं रबर तडकलेलं असतं, उंदरांनी कुरतडलेलं असतं, आणि त्यात दोनशेच्या वर व्होल्ट खेळतात. काही रेडिओंच्या आतल्या पत्र्यालाच करंट असतो. वॉल्व्ह कळणारा एखादा जुना मेकॅनिक अजून मिळतो, त्याच्याकडून कंडेन्सर बदलून घ्या, मग लावा. तोपर्यंत मागचा पुठ्ठा काढून नुसतं ब्रशनं धूळ झाडा. आणि आजोबांच्या कागदपत्रांत रेडिओचं लायसन्सचं पुस्तक पण शोधा, दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यात तिकिटं लावून आणायला लागायची. ते सापडलं तर रेडिओ कुठल्या साली घरात आला ते कळेल.

प्रश्न: निपाणीहून. माझे काका जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाचं फार सांगतात. म्हणतात चार-पाच वेळा इंटरवल व्हायचा, आणि एकच सिनेमा दुसऱ्यांदा बघितला की गाणं अर्धंच असायचं. असं कसं होईल? काका वाढवून सांगतात का?

काका एक अक्षर वाढवून सांगत नाहीत. शहरातल्या टॉकीजमध्ये मशीन दोन असायची, एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू. तंबूवाल्याकडं मशीन एकच. मोठ्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं, दोन-दोन रिळं जोडून घेतली तरी वीस-बावीस मिनिटांनी थांबायलाच लागायचं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा हजार फूट, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म! ती सगळी पत्र्याच्या डब्यांतून बैलगाडीनं नाहीतर लॉरीनं ह्या जत्रेतून त्या जत्रेत जायची. आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळं तंबू दिवाळीनंतर सुगी झाली की यायचे आणि वळवाच्या आधी जायचे. सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का अशा मोठ्या जत्रा, मग बारक्या गावजत्रा.

आणि अर्ध्या गाण्याचं कारण सांगते. दिव्याची उष्णता एवढी असायची की फिल्म जरा अडकली की तिथल्या तिथं करपायची, आम्हाला पडद्यावर दिसायचं ते, मधोमध एक तपकिरी डाग फुटायचा नि पसरत जायचा, की सगळा तंबू ओरडला. मग ऑपरेटर करपलेला तुकडा कातरीनं कापून टाकायचा आणि दोन टोकं सोल्यूशननं चिकटवायचा. एक फूट फिल्म म्हणजे १६ चित्रं आणि सेकंदाला २४ चित्रं जातात, तेव्हा दर गावी असं थोडं थोडं कापलं तर सुगीच्या शेवटी गाण्याचं एक कडवं गेलेलं असायचं. आणि लोकांना गाणी आवडतात म्हणून तीच रिळं जास्त चालवायचे, म्हणजे झिजायची पण तीच.

तंबूत खाली मातीच. घरून पोतं नाहीतर घोंगडं न्यायचं. मधे कनात, अलीकडं बायका पलीकडं बाप्ये. दुपारी बैलगाडीला पोस्टर लावून भोंग्यावर ओरडत जायचे आणि अंधार पडला की तंबूवर गणपतीचं गाणं लागायचं. ते कानावर आलं की आई भाकरी थापायचा स्पीड वाढवायची, कारण दुसरं गाणं संपेपर्यंत निघालो नाही तर पुढं जागा नाही. जनरेटरला आम्ही इंजिनच म्हणायचो, तंबूच्या मागं ते धडधडत असायचं नि सगळ्या सिनेमाच्या आवाजाखाली ते ऐकू यायचंच. नंतर बेळगावात पक्क्या थिएटरात पहिल्यांदा सिनेमा बघितला तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, बाहेर आल्यावर कळलं की इंजिन नव्हतं.

प्रश्न: तुम्ही सुट्टीत काय खेळायचा? (इयत्ता सातवी, खानापूर)

लगोरी, विटी-दांडू, सूरपारंब्या, भोवरा. पाऊस असला की घरात सागरगोटे आणि चिंचोके. चिंचोके दगडावर घासून अर्धे फोडायचे, पांढरी बाजू नि काळी बाजू, ते फासे म्हणून टाकायचे आणि जमिनीवर खडूनं घरं आखायची. आज्जीला सांग, शिकवतील. तासाभरात येतो तो खेळ.

प्रश्न: मावशी, आमचं घर मराठी. पण आजोबा अंगणात बसून कन्नडमधली गाणी म्हणतात, विचारलं तर म्हणतात पारिजातातली. कन्नड त्यांना वाचता पण येत नाही. हे काय प्रकरण आहे? (गोकाकजवळून)

तुमच्या भागातलंच सोनं आहे ते! श्रीकृष्ण पारिजात, कन्नड लोकनाट्य. नारद स्वर्गातलं पारिजाताचं फूल आणतो, कृष्ण ते रुक्मिणीला देतो आणि सत्यभामा रुसते, एवढीच गोष्ट, पण रात्रभर चालते. भागवत आणि दूती ही जोडी प्रश्न विचारत, थट्टा करत गोष्ट पुढं नेते. गोकाक भागातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी ते गावोगाव पोचवलं आणि कौजलगी निंगम्मा ह्या बाईंनी ते गाजवलं. त्या काळात बाईनं उभं राहून रात्रभर गायचं म्हणजे किती छातीचं काम, विचार करा.

आजोबांना कन्नड वाचता येत नसेल पण रात्रभर मांडी घालून ऐकलेलं असतं ना, ते चालीसकट पाठ होतं. आणि हे एकतर्फी नव्हतं. १८४२ च्या सुमाराला कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते बघून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन ह्यांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि १८४३ मध्ये सीता स्वयंवर उभं राहिलं, मराठी नाटक सुरू झालं ते असं. त्याच १८४३ मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी १८८० ला पुण्यात संगीत शाकुंतल आणलं. म्हणजे मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते कन्नड गावात जन्मलेले. कुणी तुम्हाला विचारलं की मराठी घरात कन्नड गाणं कसं, तर हे सांगा. आणि आजोबांसमोर बसून ती गाणी लिहून घ्या, देवनागरीत लिहिली तरी चालतील, आधी कागदावर तर येऊ देत.

प्रश्न: माझी आज्जी ८४ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या खूप यायच्या म्हणते, पण सांग म्हटलं की दोन ओळी म्हणते आणि आठवत नाही म्हणून गप्प बसते. रेकॉर्ड करायचंय, काय करू? (खानापूर तालुका, जांबोटी भाग)

ह्या पत्रासाठी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

आज्जी विसरल्या नाहीत. ओवी तोंडात नसते, ती हातात असते. खुंटा फिरतो त्या लयीवर ती येते, पहिली ओवी पुरी होईतो दुसरी आपोआप उठते. नुसतं खुर्चीत बसवून म्हणायला लावलं तर मला पण येत नाही. आमच्या आईचं असंच होतं, आणि मला हे फार उशिरा कळलं, तोपर्यंत तिच्या हातात जोर राहिला नव्हता. माझ्याकडं तिच्या तीनच ओव्या आहेत. गावात गिरणी आली तेव्हा आम्ही सगळ्या खूश झालो होतो, पहाटे चारचं उठणं सुटलं, खांदे दुखायचे थांबले, आणि ते चांगलंच झालं, त्या कष्टाचं मी कौतुक करणार नाही. पण गिरणीबरोबर ओव्या गेल्या हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सासूबद्दल, माहेराबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल जे दिवसा कुणाला बोलता यायचं नाही ते बायका जात्यावर बोलायच्या. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ ह्यांनी आपल्या सोबतच्या मंडळींना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या सीमेवरच्या आज्ज्यांच्या ओव्या आपणच घ्यायला पाहिजेत.

तर असं करा. घरात जातं नसेल तर शेजारपाजारी विचारा, कुणाच्या तरी परड्यात पडलेलं असतंच, धुवून वाळवून घ्या. रिकामं ओढू नका, दगडावर दगड घासून पीठात खर येते आणि आवाज पण कर्कश लागतो. दोन-दोन मुठी नाचणी घालत राहा. आज्जीना ओढायला लावू नका ह्या वयात, तुम्ही समोर बसून ओढा, त्यांचा हात फक्त तुमच्या हाताबरोबर खुंट्यावर राहू दे. जमलं तर त्यांच्या वयाची एखादी शेजारीण बोलवा, एकीची ओवी सुटली की दुसरी उचलते. वेळ पहाटेचीच घ्या. मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरू नका, आधीच चालू करून कोनाड्यात ठेवा. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती घरघर ऐकू आली तरी बंद करू नका.