फॉर्ममध्ये पंप लिहायचा की लपवायचा?

कुडाळला छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. श्रावणातल्या एका दुपारी ती आली. वय ३६, मालवण तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव, पतसंस्थेत नोकरी, दोन मुली. घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्याचं कर्ज नवराबायको दोघांच्या नावावर होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

खुर्चीत बसताच तिनं पर्समधून घडी घातलेला आयुर्विम्याचा फॉर्म काढला. "ताई, ह्येच्यात पंपाचा लिवलंय तर विमो गावतलो काय? आणि नाय लिवलंय तर चलात मा?"

हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच. दम्याचा पंप चालू असलेल्या माणसाला विमा मिळत नाही, हा समज आमच्या किनारपट्टीवर घट्ट बसलेला आहे. त्यामुळे तिचंही तेच असेल असं धरून मी सरळ उत्तराला लागले. ती चूक होती, पण त्याबद्दल पुढे सांगते.

फॉर्म भरून देणारा एजंट नवऱ्याचा मावसभाऊ. त्यानं सांगितलं होतं, "वैनी, पंप-बिंप काय लिव नको. तीन वर्षां काढलंस की कोण विचारना नाय." माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो वहिनीचं भलं करतोय. आणि त्याचं बोलणं अगदी हवेतलंही नव्हतं. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कुठल्याही कारणानं तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून ही मुदत तीन वर्षांची आहे. एजंट लोकांना एवढी ओळ पाठ असते.

मी तिला उरलेलं सांगितलं. तीन वर्षांच्या आत काही बरंवाईट झालं, तर कंपनी दवाखान्याचे कागद काढून बघते. माहिती दडवली असं ठरलं की दावा नाकारता येतो. फसवणुकीचा हेतू नसेल तर भरलेले हप्ते तेवढे परत मिळतात, विम्याची रक्कम नाही. मधे हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर तीन वर्षांची मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू होते. पर्यटनावर चालणाऱ्या घरात पावसाळ्याचे चार महिने पैसा आटतो, तेव्हा हप्ता चुकणं ही काही लांबची गोष्ट नाही. आणि कर्ज सर्वांत जास्त असतं ते याच पहिल्या तीन वर्षांत.

"पण मी अपघातात गेलंय तर?" तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता, मुंबई-गोवा महामार्ग तिच्या रोजच्या बघण्यातला. दडवलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध होता, ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कायद्यानं कंपनीला सिद्ध करावं लागतं. म्हणजे बाजू मांडायला जागा आहे. पण ती मांडायची कोणी? तेव्हा ती नसेल. नवरा आणि दोन पोरी कागद घेऊन फिरतील.

"फॉर्म भावोजींनी भरला, मी फक्त सही केली" हेही टिकत नाही. न वाचता सही केली म्हणून जबाबदारीतून सुटता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे ऐकल्यावर तिनं फॉर्म परत घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि "लिवतंय" म्हणाली. मला वाटलं, काम झालं.

मी तिला एक गोष्ट विचारलीच नव्हती. पंप ती घेत होती का?

घेत नव्हती. वैद्यकीय तपासणीत "औषधाचा अंश" सापडू नये म्हणून तिनं तीन आठवड्यांपूर्वीच रोजचा पंप बंद केला होता. फक्त निळा पंप पर्सच्या आतल्या कप्प्यात, अगदीच दम लागला तर. फॉर्मच्या कायद्यात मी इतकी रमले की समोरच्या बाईचा श्वास ऐकायला विसरले. याची मला आजही हळहळ वाटते, आणि त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न बदलला: आज सकाळी पंप घेतलात का?

चतुर्थीला दहा-बारा दिवस राहिले होते. घरोघरी साफसफाई सुरू होती. आमच्याकडे चतुर्थीची साफसफाई म्हणजे माळ्यावरचं सगळं खाली, भिंतींची ओल आणि बुरशी खरवडून काढायची, वर चुना नाहीतर रंग. पावसात न वाळलेल्या गोधड्या, चुलीवर टांगलेल्या कपड्यांचा धूर, भिजक्या लाकडांचा वास. दम्याच्या माणसाला याहून वाईट पंधरवडा नाही. दोन दिवस ती माळ्यावर होती. तिसऱ्या रात्री निळ्या पंपानं काही होईना. नवऱ्यानं तिला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. वाफ दिली, इंजेक्शन दिलं, एक दिवस ठेवून घेतलं.

तिथल्या डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला, "कुठला पंप चालू आहे आणि कधीपासून?" नवरा बाजूला उभा. त्याला ठाऊक होती ती "सर्दीची ॲलर्जी". लग्न ठरवताना तिच्या माहेरच्यांनी तेवढंच सांगितलं होतं. पंप घेणारी मुलगी कोण करून घेतो, म्हणून. पुढची अकरा वर्षं ती न्हाणीघरात दार लावून पंप ओढत आली होती.

"अकरा वर्सां माका कित्याक सांगूक नाय तू?" त्याचा हा प्रश्न पुढच्या भेटीत तिनं मला सांगितला तेव्हा ती रडत होती. मग कळलं की विम्याचा फॉर्म हा तिचा खरा पेच नव्हताच. फॉर्मवर लिहिलं की एजंटला कळणार, एजंटला कळलं की घरात कळणार. लपवण्याचं शिक्षण तिला फार आधी मिळालं होतं, फॉर्म हा त्यातला फक्त पुढचा धडा.

नवऱ्याला मी बोलावून घेतलं. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. दोघांना एकत्र बसवून डॉक्टरांनी जे समजावलं ते इथं लिहिते, कारण बहुतेक घरांत हेच माहीत नसतं. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. निळा पंप आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करतो, चार-सहा तास बरं वाटतं, पण सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोजचा पंप. तो बंद केला की सूज लगेच परतत नाही, हळूहळू चढते. म्हणून पहिले काही दिवस माणसाला वाटतं, बघा, पंपाशिवायही बरा आहे. तिथंच फसगत होते. आणि "पंपाची सवय लागते" ही भीती: रोजच्या पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. सवय पंपाची लागत नाही, आजार लांबचा आहे म्हणून औषधही लांब चालतं. रक्तदाबाची गोळी कुणी न्हाणीघरात लपून घेत नाही.

आता विम्याचं. मी विमा विकत नाही, पण इतके फॉर्म डोळ्यांखालून गेलेत की कंपनी काय बघते ते सांगू शकते. औषधाचं नाव बघून ती फॉर्म बाजूला टाकत नाही. ती विचारते: दमा कधीपासून? शेवटचा मोठा त्रास कधी? रुग्णालयात कितीदा राहिलात? स्टिरॉइडच्या गोळ्या कितीदा घ्याव्या लागल्या? रात्री जाग येते का? तंबाखू आहे का? (तंबाखूच्या प्रश्नात मशेरीही येते, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या लक्षात येत नाही.) सौम्य, ताब्यातला दमा असेल तर अनेकदा नेहमीच्याच हप्त्यात विमा मिळतो, थोडा जास्त असेल तर जादा हप्ता लागतो. नुकतंच रुग्णालयात राहून आलेल्या माणसाला कंपनी काही महिने थांबायला सांगते. दमा सतत बळावत असेल तर नकारही येतो. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

आता हीच यादी तिच्या वागण्याशेजारी ठेवून बघा. रोजचा पंप नियमित घेणारी, वर्षभर रुग्णालयाचं तोंड न पाहिलेली बाई कंपनीला चालते. तपासणीसाठी पंप बंद करून रुग्णालयात पोचलेली बाई कंपनीला खटकते. जे लपवायला ती निघाली होती तेच तिच्या बाजूचं होतं.

त्यामुळे भादव्यात फॉर्म भरायचाच नाही असं आम्ही ठरवलं. घाईनं भरून "पुढे ढकलला" असा शेरा घेतला की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो सांगावा लागतो, कारण आधी कुठे नकार मिळाला, प्रस्ताव पुढे ढकलला गेला किंवा जादा हप्ता लागला, हे विचारतातच. तोवर अगदीच उघडं राहू नये म्हणून तिच्या बँकेच्या खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, १८ ते ५० वयापर्यंत घेता येतो, वैद्यकीय तपासणी नाही. पहिल्या ३० दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूला मिळतो. दोन लाखांनी कर्ज फिटणार नव्हतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

रोजचा पंप पुन्हा सुरू झाला, आता दार उघडं ठेवून. सासूबाई महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग एकदा म्हणाल्या, माळ्यावर मी चढतंय, तू नको. या एका वाक्यासाठी आम्ही किती बैठका घातल्या असत्या आणि जमलं नसतं.

फाल्गुनात, देवगडचा हापूस पेट्यांत भरला जात होता तेव्हा, तिची फुंकर चाचणी पुन्हा झाली. नळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. आकडा चांगला आला. डॉक्टरांनी निदान, औषधं, मात्रा आणि शेवटच्या त्रासाची तारीख घालून पत्र दिलं. मी तिला सांगितलं, चतुर्थीआधीची रुग्णालयाची रात्र वगळायची नाही. तिनं वगळली नाही. फॉर्म यावेळी तिनं स्वतःच्या हातानं भरला, मावसभाऊ शेजारी बसून कुठला रकाना कुठे ते दाखवत होता. कंपनीनं दम्याची वेगळी प्रश्नावली पाठवली, तीही भरली.

जादा हप्ता लावून पॉलिसी मंजूर झाली. नवरा जरा खट्टू झाला. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला: समजा मूळ हप्ता वर्षाला १२,००० आणि वर २५ टक्के लागले, तर ३,००० जादा. महिन्याला अडीचशे. दोन खोल्यांपैकी एका खोलीचं एका रात्रीचं भाडं याहून जास्त आहे. मग तो काही बोलला नाही.

पॉलिसी हातात पडली की तिच्यासोबत भरलेल्या फॉर्मची प्रत येते. ती कपाटात ठेवायच्या आधी वाचायची असते, कारण पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि उत्तर चुकीचं उतरलं असेल तर लगेच लेखी कळवता येतं. त्या दोघांनी पडवीत बसून पानन् पान वाचलं. श्वसनाच्या प्रश्नापुढे "होय" होतं. तिनं त्याचा फोटो मला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

परवा ती पुन्हा दवाखान्यात आली, धाकट्या मुलीला घेऊन. पोरीची छाती पावसाळ्यात घुरघुरते. शेजारपाजारच्यांचं म्हणणं, इतक्या लहान मुलीला पंपाला लावू नका, उद्या लग्नाला अडचण. केसपेपर ती स्वतः भरत होती. "कुटुंबात कोणाला दमा" या रकान्याशी ती क्षणभरही थांबली नाही. "आईला," असं लिहून तिनं कागद माझ्याकडे सरकवला.