दोन क्रेडिटच्या पेपरविषयी, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. बी.एस्सी.ला प्रवेश घेताना वनस्पतिशास्त्राच्या जोडीला भाषेचेही पेपर द्यावे लागतील याची तुला कल्पना नव्हती, असे तू लिहिले आहेस. हे पेपर दोनच क्रेडिटचे असल्याने ते कसेबसे काढून टाकले तर चालेल का, असे तू विचारतेस. आणि शेवटच्या ओळीत, जणू सहज आठवले म्हणून, मराठी माध्यमात शिकल्यामुळे इंग्रजीत एक परिच्छेद लिहायचा म्हटला तरी हात थांबतो, असेही सांगतेस. मला तुझा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दिसला. तरीही आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तो आपल्याकडे आणला. स्वायत्त महाविद्यालयांनी आधी सुरुवात केली आणि तुमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक, म्हणजे तुम्ही ज्यांना क्रेडिट म्हणता ते, मिळवावे लागतात आणि त्यांपैकी आठ क्षमतावर्धनाच्या, म्हणजे एईसीच्या, पेपरांसाठी राखलेले आहेत. हे पेपर इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा यांचे असतात. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला पंधरा तास धरले, तर दोन श्रेयांकांच्या पेपरला एका सत्रात तीस तास मिळतात. आठवड्याला साधारण दोन तास झाले. १२० मधले आठ म्हणजे फार नव्हेत हे खरे, पण यातला एकही पेपर राहिला तर पदवी अडते. तिसऱ्या वर्षाला विषयाचे सगळे पेपर सुटलेले आणि पहिल्या वर्षाच्या भाषेची एटीकेटी मात्र डोक्यावर, ही वेळ तुझ्यावर यावी असे मला वाटत नाही.

या पेपरांतून विद्यार्थ्याला काय यावे, हेही त्या आराखड्यात लिहिले आहे: चिकित्सकपणे वाचणे, एखादी गोष्ट उलगडून सांगणारे आणि अभ्यासपूर्ण लेखन करणे, आपला युक्तिवाद स्पष्टपणे व सुसंगतपणे मांडणे. निबंध पाठ करण्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. तू विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही पेपरांचा अभ्यासक्रम उतरवून घे, अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत आणि सत्राअखेरच्या परीक्षेला किती, ते पाहा, आणि लेखी काम कोणत्या तारखेला द्यायचे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एवढे केलेस की नियमांचा भाग संपला.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते.

मी पहिल्या वर्षाला असताना इंग्रजीच्या पेपरसाठी पावसाळ्यावरचा एक निबंध गाईडमधून पाठ केला होता. पेपरात आमच्या गावातल्या बाजाराच्या दिवसावर लिहायला आले. मी पहिली दोन वाक्ये बाजाराची लिहिली, मग बाजारात पाऊस आणला आणि उरलेला पाठ निबंध जसाच्या तसा उतरवला. पास झाले. दोन वर्षांनी शिष्यवृत्ती का अडली याची चौकशी करणारे चार ओळींचे पत्र इंग्रजीत लिहायची वेळ आली, तेव्हा मी दुपारभर कोरा कागद समोर घेऊन बसले आणि शेवटी ते वर्गातल्या एका मुलीकडून लिहून घेतले. पुढे एकतीस वर्षे मी हाच विषय शिकवला आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत तोच पाऊस पुन्हा पुन्हा वाचला. एका गठ्ठ्यातल्या वीस-वीस मुलांनी एकच वाक्य एकाच चुकीसह लिहिलेले असे, कारण ती चूक गाईडमध्येच छापलेली असे. या मुलांना पुरेसे गुण मिळत आणि लिहिता येत नसे. तुझ्या बाबतीत असे होऊ नये, म्हणून हे पत्र लांबते आहे.

लिहायला शिकण्यासाठी तुला वेगळा विषय शोधण्याची गरज नाही. प्रॅक्टिकलचे जर्नल तुझ्याकडे आहेच. दर शनिवारी त्या आठवड्यातल्या एका प्रॅक्टिकलवर एक परिच्छेद आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिही. जर्नलमधली छापील वाक्ये न बघता, आईला समजावून सांगते आहेस असे समजून लिही. तुझी आई माझी विद्यार्थिनी होती. तिला नीट समजले नाही तर ती विचारल्याशिवाय राहणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

उदाहरण देते. समज, तुम्ही मुगाच्या बिया साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात भिजत घातल्या. पहिल्या खेपेला तू असे काही लिहिशील: ‘सदर प्रयोगाद्वारे असे दिसून येते की मिठाच्या पाण्यामध्ये बियांच्या उगवणीवर परिणाम होत असतो.’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण परिणाम कोणता झाला आणि किती झाला हे त्यात नाही. आता हे बघ: ‘साध्या पाण्यात भिजवलेल्या वीस बियांपैकी अठरांना तिसऱ्या दिवशी मोड आले, मिठाच्या पाण्यातल्या वीसपैकी पाचांनाच आले, आणि तेही आखूड.’ या दुसऱ्या वाक्यात एकही भारदस्त शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला प्रयोग डोळ्यांपुढे दिसतो. यानंतर तू ‘मिठामुळे बाहेरच्या द्रावणाची संहती वाढते, त्यामुळे बीला पाणी शोषून घेणे अवघड जाते’ असे कारण लिहिलेस, की निरीक्षण आणि कारण यांची जोडी जमली. परीक्षक ज्याला युक्तिवाद म्हणतात तो एवढाच असतो: काय दिसले, ते का झाले असावे, आणि असे म्हणायला आधार काय. ‘सदर’, ‘सदरहू’, ‘दिसून येते की’ हे शब्द दिसले की थांब आणि त्यांच्यामागे सांगण्यासारखे काही आहे का ते तपास.

परिच्छेद लिहून झाला की तो एक दिवस तसाच ठेव आणि रविवारी मोठ्याने वाच. जिथे श्वास अडेल तिथे वाक्य तोड. जिथे स्वतःलाच अर्थ लागणार नाही तिथे खाडाखोड कर आणि खाडाखोडीची लाज वाटून घेऊ नकोस. पहिला मसुदा दुरुस्त करण्याची सवय हीच या पेपरांतून मिळवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

इंग्रजीत तुझा हात थांबतो, कारण तू मराठी वाक्य मनात धरून त्याचे शब्द एकेक करून बदलायला जातेस. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. म्हणून इंग्रजी वाक्य सुरू करण्याआधी कोणी आणि काय केले एवढे दोनच शब्द ठरव, ते लिही, आणि मग बाकीचे त्यामागे जोड. मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, म्हणून आपली मुले ‘डिस्कस अबाउट’ लिहितात; इंग्रजीत ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘अ’ आणि ‘द’ यांनी तर पिढ्यान्पिढ्या छळले आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकातले त्यांचे नियम पाठ करून मला कधी उपयोग झाला नाही. मला उपयोग झाला तो आपल्याच भाषेचा. ‘मी एक बी घेतले. ते बी पाण्यात टाकले.’ असे आपण म्हणतो ना? बीची पहिली ओळख करून देताना आपण ‘एक’ म्हणतो आणि ओळख झाल्यावर ‘ते’ म्हणतो. इंग्रजीतला ‘अ’ बऱ्याचदा तुझ्या ‘एक’च्या जागी बसतो आणि ‘द’ तुझ्या ‘ते’च्या जागी. फरक इतकाच की मराठीत हे शब्द गाळले तरी चालते आणि इंग्रजीत चालत नाही. सगळ्या जागा यातून सुटणार नाहीत, पण निम्म्याहून अधिक चुका जातील.

मराठीचा पेपर सोपा आहे असे तू गृहीत धरले आहेस. तो सोपा नाही. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने स्वीकारलेले लेखनाचे नियम अठराच आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ मध्ये जोडलेले, आणि ते दोन संध्याकाळींत वाचून होतात. पण ते हातात बसायला वर्ष जाते. ‘गरीब’ दीर्घ आणि ‘गरिबांना’ ऱ्हस्व, ‘बहीण’ दीर्घ आणि ‘बहिणीला’ ऱ्हस्व, पण ‘शरीर’ संस्कृतातून जसेच्या तसे आले म्हणून ‘शरीराला’ मात्र दीर्घच राहते. असे शब्द सापडतील तसे वहीत जोडीने लिहीत जा.

आणखी एक सांगते, कारण वर्गात यावरून मुलींना रडवल्याचे मी पाहिले आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे मुलीही ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. ही आपली बोली आहे, तिच्यात काहीही अशुद्ध नाही, आणि घरी तू तशीच बोलत राहा. उत्तरपत्रिका नागपूरच्या किंवा सावंतवाडीच्या वाचकालाही अडखळल्याशिवाय वाचता यावी, एवढ्यासाठी तिथे प्रमाणभाषेत ‘मी जाते’, ‘मी आले’ लिहायचे असते. कोणी हसले तर हे कारण त्याला शांतपणे सांग.

शाळेत तू ‘परासरण’ शिकलीस आणि महाविद्यालयात सगळे ‘ऑस्मॉसिस’ म्हणतात, त्यामुळे दोन्ही परके वाटू लागले आहेत, हेही तुझ्या पत्रात आहे. त्यासाठी एक छोटी वही कर. डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजव्या बाजूला मराठी, आणि खाली तुझ्या शब्दांत एका ओळीत अर्थ. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर पाहता येतात. अडले की तिथे बघ. लिहिताना एका उत्तरात एकच संज्ञा शेवटपर्यंत वापर, नाहीतर वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. विषयाचे पेपर मराठीत लिहिता येतील का, हेही तू प्राचार्यांच्या कार्यालयात विचारून घे. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले होते. ती मुभा मिळाली तरी इंग्रजीचा शनिवार सोडू नकोस. तुला पुढे जे संदर्भग्रंथ वाचायचे आहेत त्यांतले बहुतेक इंग्रजीत आहेत.

मोबाइलवर मराठी वाक्य टाकले की इंग्रजी वाक्य मिळते, आणि हल्ली तर पूर्ण उत्तरच मिळते, हे मला ठाऊक आहे. शब्द अडला तर जरूर बघ. पण शनिवारचा परिच्छेद तुझाच असू दे, कारण त्याचा उपयोग तो लिहिताना होतो, लिहून झालेल्या कागदाचा नाही. शिवाय तू चौथे वर्ष संशोधनासह करायचे म्हणतेस. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि त्या वर्षात बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प स्वतः लिहावा लागतो. वाङ्मयचौर्याबाबतचे आयोगाचे २०१८ चे नियम वर्गातल्या साध्या लेखी कामाला लागू नाहीत, पुढे पदव्युत्तर किंवा संशोधन पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाला आहेत. तिथे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे प्रबंध पुन्हा लिहून देण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर अवतरणचिन्हांत ठेवायचे आणि कोणाचे ते सांगायचे, ही सवय आजपासून, अगदी जर्नलच्या परिच्छेदातही, ठेव म्हणजे चौथ्या वर्षी ती नव्याने लावावी लागणार नाही.

या आठवड्यातले प्रॅक्टिकल कोणते होते ते तू कळवले नाहीस. जे असेल त्यावर दोन्ही भाषांत एकेक परिच्छेद लिही आणि रविवारी गावी येशील तेव्हा खाडाखोडीसकट घेऊन ये. स्वच्छ प्रत करून आणू नकोस. मला खोडलेली वाक्ये बघायची आहेत. मी दुपारी चारनंतर घरीच असते.

तुझ्या,
बाई