फीडबॅक आणि 'चक्रवाढ'

हवामानबदलावरील मजकुराचे मराठीकरण करताना 'पॉझिटिव्ह फीडबॅक लूप'साठी 'सकारात्मक प्रतिसादाचे वर्तुळ' असे लिहावे का, अशी विचारणा झाली आहे. तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'सकारात्मक' म्हणताच मराठी वाचकाला काहीतरी चांगले घडत असल्याचे वाटते. मूळ संज्ञेत मात्र 'पॉझिटिव्ह' म्हणजे सुरू झालेल्या बदलाला त्याच दिशेने पुढे रेटणारे, एवढाच अर्थ आहे. आर्क्टिक समुद्रावरील हिमाच्छादित बर्फ 80 टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परत फेकतो, तर उघडे पाणी 10 टक्केही परत फेकत नाही. म्हणून बर्फ वितळला की समुद्र अधिक तापतो आणि तापलेला समुद्र आणखी बर्फ वितळवतो. हीच यंत्रणा हिमयुगात उलट दिशेने चालते व थंडी वाढवते, त्यामुळे वृत्तपत्रांतले 'दुष्टचक्र'ही शास्त्रीय लेखनात नेमके ठरत नाही.

'प्रतिसाद' हा शब्दही अपुरा आहे, कारण येथे परिणामच परतून कारणाला जाऊन मिळतो. मंडपात माईक कर्ण्यासमोर आला की कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागते, तोच हा प्रकार. 'पुनर्भरण' सुचते खरे, पण विहिरी आणि भूजल यांनी तो शब्द आधीच आपलासा केला आहे. शिक्षणशास्त्रात रुळलेला 'प्रत्याभरण' मला पारिभाषिक लेखनासाठी योग्य वाटतो. त्याला 'वर्धक' आणि 'शामक' ही विशेषणे जोडली की 'पॉझिटिव्ह' व 'निगेटिव्ह' या दोन्हींची सोय होते.

सर्वसाधारण वाचकासाठी मात्र मी 'चक्रवाढ परिणाम' असे लिहीन. व्याज मुदलात मिळते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तापलेल्या हवेत प्रत्येक अंशामागे सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवते, हे वाक्य 'चक्रवाढ' शब्दासोबत सहज उमगते. एक खबरदारी मात्र घ्यावी. चक्रवाढ व्याजाचा प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा मोठा असतो. बाष्पाच्या बाबतीत प्रत्येक फेरीतली भर आधीच्या फेरीपेक्षा लहान असते, कारण तापलेली पृथ्वी अवकाशात अधिक उष्णता सोडते. पृथ्वीचे हे उष्णता सोडणे शामक प्रत्याभरण असल्यामुळे तापमान वाढते, पण बेलगाम होत नाही, आणि 'चक्रवाढ' वापरणाऱ्याने एवढा खुलासा सोबत द्यायलाच हवा.