'नाइट वॉच' नाही, 'मेन अ‍ॅट आर्म्स'

प्रश्न : डिस्कवर्ल्ड मालिकेतलं तुमचं सर्वांत आवडतं पात्र आणि पुस्तक कोणतं? मी पहिलं पुस्तक अर्ध्यात सोडलं, आता पुढची वाचावीत का?

उत्तर : अर्ध्यात सोडलंत ते बरंच केलंत. मीही सोडलं होतं, आणि मग चार वर्षं या मालिकेच्या वाटेला गेलो नाही.

ते पहिलं पुस्तक 'द कलर ऑफ मॅजिक', १९८३ चं. या मालिकेचा इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट त्यात तेव्हाच्या तलवार-जादूवाल्या इंग्रजी कादंबऱ्यांची टर उडवतो. ज्याने त्या मूळ कादंबऱ्या वाचलेल्याच नाहीत, त्याच्या निम्मे विनोद डोक्यावरून जातात. बरं, कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर चपटं जग, म्हणजेच डिस्कवर्ल्ड, याचं इंग्रज वाचकाला अप्रूप. आपण शेषनाग, दिग्गज, कूर्मावतार ऐकतच मोठे झालो. आपल्याला वाटतं, असेल बुवा, पुढे सांगा. पळपुटा जादूगार रिन्सविंड मला आजही दोन प्रकरणांपुढे सोसवत नाही. त्याच्या मागे शेकडो पायांनी धावणारी पेटी मात्र झकास आहे.

एकूण पुस्तकं ४१. क्रमाने वाचायची काही गरज नाही. 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) घ्या आणि ते संपलं की लगेच 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३). माझं आवडतं पुस्तक हे दुसरं, आणि आवडतं पात्र सॅम व्हाइम्स, आंख-मॉरपॉर्क शहराच्या पहाऱ्याचा कप्तान. चाहत्यांत हात वर करायला लावले तर बहुतेक 'नाइट वॉच'ला (२००२) मत देतील. तेही व्हाइम्सचंच पुस्तक आहे आणि चांगलंच आहे. पण ते आधीच्या पुस्तकांची पुण्याई खातं. व्हाइम्स आपल्याला आधीपासून माहीत असतो म्हणून ते काळजाला भिडतं. 'मेन अ‍ॅट आर्म्स' स्वतःच्या पायावर उभं आहे.

आणि पायावरूनच सांगतो. त्यात व्हाइम्सचा बुटांचा हिशेब येतो. त्याचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामडी बूट ५० डॉलरला. साधे, पुठ्ठ्याचे तळ असलेले १० डॉलरला, ते एक-दोन हंगामांत फाटतात. ५० वाल्याचे पाय दहा वर्षांनीही कोरडेच. १० वाल्याने तेवढ्या काळात १०० डॉलर घातलेले असतात आणि पाय ओलेच. व्हाइम्स म्हणतो, श्रीमंत लोक श्रीमंत राहतात कारण त्यांना खर्च कमी येतो. हे त्याला सुचतं ते शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी लग्न ठरलेलं असताना, हा त्यातला वात्रटपणा.

माझे काका रावेर तालुक्यात केळी करतात. उन्हाळ्यात आठ दिवस पाणी तुटलं की केळीची बाग हातची जाते. काकांनी बोअरमध्ये स्वस्तातली मोटार टाकली होती. ती दर उन्हाळ्यात जळायची. मग ती वर ओढायला माणसं, रिवाइंडिंग, परत सोडणं, आणि तेवढे दिवस शेजाऱ्याच्या पाण्यासाठी मिनतवाऱ्या. शेजाऱ्याने एकदाच भारीतली टाकली होती, ती कधी कुरकुरलीसुद्धा नाही. पारावर बसलेले सगळे काकांना तीच हिंदी म्हण ऐकवायचे : सस्ता रोये बार बार. काका एकदा वैतागून म्हणाले, "घड कापले की पैसा येतो रे, अन् मोटार त्याच्या आधीच जळते."

हा फरक मला प्रॅचेटने दाखवला. ती म्हण स्वस्त घेणाऱ्याला मूर्ख ठरवते. व्हाइम्स ठरवत नाही. ५० डॉलर हातात नसतात एवढंच त्याचं म्हणणं, आणि शहाणपणाने ते ५० डॉलर उगवत नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबाच्या पिशवीतल्या वाणसामानाची महागाई मोजण्यासाठी जो निर्देशांक जाहीर झाला, त्याला याच बुटांवरून व्हाइम्सचं नाव दिलं गेलं. विनोदी कादंबरीतल्या पोलिसाला एवढा मान क्वचितच मिळतो.

आणखी एक गंमत. व्हाइम्सला ते पातळ तळाचे बूट आवडतातही. धुक्यातल्या रात्री पायाखालच्या फरशीवरून त्याला कळतं की आपण कोणत्या गल्लीत आहोत. गरिबीचं कौतुक न करता गरिबीतून आलेली कारागिरी दाखवायची, हे फार थोड्यांना जमतं.

याच पुस्तकात डेट्रिटस नावाचा ट्रोल (परीकथांतला धिप्पाड राक्षस) पहाऱ्यात भरती होतो. ट्रोल दगडाचे, त्यांचा मेंदू सिलिकॉनचा, म्हणून उष्णतेत तो चालत नाही. हा बुवा एका थंडगार गोदामात अडकतो आणि गारठता गारठता प्रचंड हुशार होतो, भिंतीवर गणितं मांडायला लागतो. पुढे त्याचा बुटका सहकारी त्याला पंखा बसवलेलं शिरस्त्राण करून देतो. लंडनमधल्या वाचकाला ही कल्पना वाटेल. मी भुसावळचा. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी दोन वाजता मला स्वतःचा मोबाइल नंबर आठवत नाही, आणि कूलरच्या टाकीत पाणी पडलं की अर्ध्या तासाने माणसात येतो. डेट्रिटसला 'ढ' म्हणणाऱ्यांनी एक मे महिना इकडे काढावा.

बाकीच्यांचं थोडक्यात. ग्रॅनी वेदरवॅक्स ही म्हातारी चेटकीण माझ्या बहिणीचं दैवत आहे. मला ती आवडण्यापेक्षा तिचा धाक जास्त वाटतो, आणि ग्रॅनीला तेच चाललं असतं. जादूगारांच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल जादूने ओरँगउटान झाला आणि परत माणूस व्हायला तयार नाही. त्याला केळी दिली की काम होतं, माकड म्हटलं की हाडं मोडतात. सावदा-रावेरला तो सुखात राहिला असता. मृत्यू, म्हणजे चालताबोलता हाडांचा सापळा, हे पात्र सगळ्यांनाच आवडतं, मलाही : मांजरांवर जीव, घोड्याचं नाव बिंकी, करी आवडते. इंग्रजीत त्याचं बोलणं सगळं कॅपिटल अक्षरांत छापतात. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? माझ्या मते त्याची वाक्यं शिरोरेषेशिवाय छापावीत. उघडी हाडं दिसल्यासारखी दिसतील.

'स्मॉल गॉड्स' (१९९२) कोणत्याही क्रमाशिवाय वाचता येतं. त्यात एका बलाढ्य धर्माचा देव कासव होऊन पडलाय, कारण देवळं भरलेली असली तरी त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला माणूस एकच उरलाय. बाकीच्यांची श्रद्धा त्या व्यवस्थेवर आणि तिच्या भीतीवर. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर जागणाऱ्या बायकांकडे बघून मला हे पुस्तक आठवतं. कानबाईची काळजी करायला नको, एवढं नक्की.

शेवटी एक गाऱ्हाणं. 'रेझिंग स्टीम' (२०१३) हे रेल्वेवरचं पुस्तक. वडील रेल्वेत, लहानपण यार्डातल्या शंटिंगच्या आवाजात गेलेलं. माझ्यासाठीच लिहिलंय म्हणून उड्या मारत घेतलं. वाचवेना. सगळी पात्रं एकाच आवाजात भाषण देतात, आणि मोइस्ट फॉन लिपविगसारखा नामी भामटासुद्धा त्यात सरळमार्गी कारकून वाटतो. तोवर प्रॅचेटला अल्झायमर होऊन बरीच वर्षं झाली होती, टाइप करणं जमत नव्हतं, तो बोलून मजकूर उतरवून घ्यायचा. हे कळल्यावर राग गेला, पण पुस्तक काही सुधारलं नाही. माझी प्रत कोरी करकरीत आहे. भुसावळला गाडी बदलायला उतरणार असाल तर सांगा, फलाटावर आणून देतो.