कलर मोठा की सिक्वेन्स? आधी पत्ते किती ते सांगा

तुमचा डाव परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. लक्ष्मीपूजनाची रात्र, घरात टेक्सास होल्डएम (पोकरचा प्रकार: टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते, हातात प्रत्येकी दोन, आणि त्या सातांतून उत्तम पाचांचा हात). टेबलावर बदाम ९, बदाम ६, किल्वर ७, बदाम २ आणि इस्पिक राजा. तुमच्या हातात बदाम एक्का आणि बदाम ४. मेव्हण्यांच्या हातात किल्वर ८ आणि इस्पिक १०. तुमचा कलर लागला, म्हणजे पाचही पत्ते एकाच रंगाचे, बदामाचे. त्यांची सहा ते दहा सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारे आकडे. "सिक्वेन्स कलरच्या वर, लहानपणापासून खेळतोय," म्हणत त्यांनी पॉट (मधे जमलेला डाव) ओढला आणि घरातल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

पॉट तुमचा होता. पण मेव्हण्यांना लबाड म्हणू नका. तीन पत्तीत त्यांचंच खरं आहे, आणि पोकरमध्ये तुमचं.

बहुतेक जण हे "त्या खेळाचा तो नियम, ह्याचा हा" म्हणून सोडून देतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग एकदा वही घेऊन मोजायला बसलो. पोकरचा क्रम कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. जो हात कमी प्रकारे जुळतो तो मोठा, एवढंच.

आधी तीन पत्ते घ्या. सिक्वेन्स एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ तऱ्हेची होते. प्रत्येक पत्ता चारांपैकी कुठल्याही रंगाचा चालतो, म्हणून १२ गुणिले ६४, म्हणजे ७६८. त्यातल्या ४८ प्युअर, म्हणजे ओळीच्याही आणि एकाच रंगाच्याही. त्या वजा केल्या की ७२०. कलरचं पाहा: एका रंगाच्या १३ पत्त्यांतून तीन निवडायच्या २८६ तऱ्हा, गुणिले चार रंग, ११४४. तेच ४८ वजा, उरले १०९६. सिक्वेन्स कमी, म्हणून सिक्वेन्स वर.

आता पाच पत्ते. सिक्वेन्सच्या तऱ्हा १२ वरून जेमतेम १० वर येतात, पण रंगांचा गुणाकार ६४ वरून १०२४ वर उडी मारतो. एकूण १०,२४०, प्युअर ४० वजा जाता १०,२००. कलर मात्र ११४४ वरून ५१४८ वरच पोचतो, आणि तेच ४० काढले की ५१०८. म्हणजे पाच पत्त्यांत कलर सिक्वेन्सच्या निम्म्याने लागतो. सगळं उलटं झालं!

मला सगळ्यात मजा वाटली ती चार पत्त्यांची. तसा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही, पण मोजून बघा: सिक्वेन्स २७७२, कलर २८१६. जवळजवळ बरोबरी. तुमचं आणि मेव्हण्यांचं भांडण नेमकं तिथे तराजूसारखं स्थिर होतं. एक पत्ता कमी केला की त्यांच्याकडे झुकतं, एक वाढवला की तुमच्याकडे.

ह्याच हिशोबाने पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० हातांचा क्रम लागतो. सर्वांत वर प्युअर सिक्वेन्स, म्हणजे स्ट्रेट फ्लश, ४० (दहापासून एक्क्यापर्यंतच्या चारांना रॉयल म्हणतात, पण तो वेगळा प्रकार नव्हे, त्याच प्रकारातला थोरला). मग एकाच आकड्याचे चार पत्ते, ६२४. मग फुल हाउस, तीन एकसारखे आणि एक जोडी, ३७४४. त्याखाली तुमचा कलर, मग सिक्वेन्स, मग तीन एकसारखे ५४,९१२, दोन जोड्या १,२३,५५२, एक जोडी १०,९८,२४०, आणि काहीच न लागलेले १३,०२,५४०.

गंमत म्हणजे हा नियम आपली तीन पत्तीच पुरता पाळत नाही. ट्रेल (तीन एकसारखे) ५२ प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स ४८, तरी ट्रेल वर! कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये मात्र प्युअर वर आणि तीन एकसारखे खाली. हे मेव्हण्यांना सांगा, पण जेवणं झाल्यावर.

तुमचा दुसरा प्रश्न: दोघांकडे राजाची जोडी, आणि वहिनी म्हणाल्या, "माझा इस्पिकचा आहे, मी जिंकले." होल्डएममध्ये रंगाला मान नाही. इस्पिक आणि किल्वर सारखेच. जोडी सारखी असेल तर उरलेले तीन पत्ते मोठ्यापासून ताडून पाहायचे, हाच किकर. तुम्ही लिहिलंय की टेबलावर एक्का, राजा, राणी, ९, ४ होते, वहिनींकडे राजा-८ आणि तुमच्याकडे राजा-५. रंगांचा मेळ कोणाचाच नव्हता. दोघांचेही उत्तम पाच पत्ते राजा, राजा, एक्का, राणी, ९ हेच. आठ आणि पाच मोजलेच जात नाहीत. पॉट निम्मा-निम्मा.

नवे लोक चुकतात ते इथेच. समोर सात पत्ते असतात, पण हात पाचाचाच. तीन जोड्या लागल्या म्हणून उड्या मारणारे मी पाहिलेत. तिसरी जोडी फुकट, वरच्या दोन आणि उरलेल्यांतला मोठा पत्ता एवढंच धरायचं. फुल हाउस विरुद्ध फुल हाउस असेल तर आधी तिळं बघायचं, जोडी नंतर: तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या हा हात तीन छक्क्या आणि दोन एक्क्यांना हरवतो.

(सात पत्त्यांतून पाच निवडले की खरं तर "काहीच न लागणं" एका जोडीपेक्षाही दुर्मिळ होतं. तरी क्रम पाच पत्त्यांचाच ठेवलाय. नाहीतर हातात काही नसलेला माणूस जोडीवाल्याला हरवायचा, आणि लोक मुद्दाम जोडी लपवायला लागले असते.)

आणखी एक, पुढच्या दिवाळीआधी ठरवून ठेवा. बऱ्याच घरांत तीन पत्तीला एक्का-दुर्री-तिर्री ही दोन नंबरची सिक्वेन्स, काही घरांत तर पहिलीच. पोकरमध्ये एक्का-२-३-४-५ ही सगळ्यात लहान. आणि राणी-राजा-एक्का-२-३ असं वळसा घालून जाता येत नाही. मेव्हणे हे ऐकून पुन्हा "लहानपणापासून" म्हणणार, तेव्हा पत्ते वाटायच्या आधीच सांगा.