मधुमेही बोक्याला उपास घडवावा का?

प्रश्न : आमच्या ७ किलो वजनाच्या बोक्याला मधुमेह असून इन्सुलिन सुरू आहे. वजन लवकर उतरावे म्हणून त्याला एक वेळ उपाशी ठेवावे का?

उत्तर : मुळीच नको. लठ्ठ मांजराचे खाणे एकाएकी तुटले, तर चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकते. शिवाय इन्सुलिन चालू असताना उपास घडल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. वजन आठवड्याला सुमारे १ टक्का, म्हणजे ७० ग्रॅम, एवढेच उतरू द्यावे. मांजर मूळचे मांसाहारी असल्याने दूधभात बंद करून प्रथिने भरपूर व कर्बोदके कमी असलेले ओले खाद्य द्यावे. मात्र बदलापूर्वी पशुवैद्यकांना विचारावे, कारण त्यानंतर इन्सुलिनची मात्रा अनेकदा घटवावी लागते.