यादीत आधी कोणती शाळा लिहावी?

प्रश्न : आम्ही वॉशिंग्टन डीसीमध्ये राहतो. मुलगा येत्या जुलैमध्ये तीन वर्षांचा होईल आणि ऑगस्टमध्ये मला दुसरे बाळ होणार आहे. घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर आमच्या हद्दीची, म्हणजे आमच्या पत्त्यानुसार ठरलेली, सरकारी शाळा आहे. दुसरी शाळा स्पॅनिश-इंग्रजी चार्टर (सरकारी पैशावर खासगी संस्थेने चालवलेली) असून तिथे दोन बस बदलून जायला पाऊण तास लागतो. यजमानांचा ओढा चार्टरकडे आहे. दुसरी भाषा या वयातच येते, असे ते म्हणतात. ते स्वतः सकाळी सव्वासहाला व्हर्जिनियातल्या कार्यालयाकडे निघतात. साताऱ्याहून सासूबाई विचारतात, "त्याला अजून मराठी धड येत नाही, मग स्पॅनिश कशाला?" मार्चच्या आरंभी अर्जाची मुदत संपते. पहिली पसंती कोणती लिहावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दोन माणसांची मते आली आहेत; तिसरे, म्हणजे तुमचे स्वतःचे मत, तुम्ही लिहिलेले नाही. मात्र बसचा पाऊण तास तुम्ही ज्या तपशिलाने मांडला आहे, त्यावरून ते मला थोडेफार कळले.

आधी, ज्या सोडतीने हे प्रवेश ठरतात तिच्याविषयी, कारण तिच्याबद्दलच्या गैरसमजांमुळे पुष्कळ कुटुंबांचे निर्णय बिघडतात. माय स्कूल डीसी या शहराच्या सामायिक सोडतीच्या अर्जात बारा शाळा पसंतीच्या क्रमाने लिहिता येतात. आपल्याकडे आरटीईच्या सोडतीच्या वेळी जशा "अमुक शाळा वर लिहिली की नंबर लागतो" अशा वार्ता पसरतात, तशाच तिथेही पसरतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. या सोडतीत चलाखीने क्रम लावल्याचा काहीही लाभ होत नाही. मनात जो क्रम आहे तोच लिहावा. मात्र एक नियम नीट समजून घ्या. एखादी शाळा मिळाली की तिच्या वर लिहिलेल्या शाळांच्या प्रतीक्षायादीत तुमचे नाव राहते, खाली लिहिलेल्या शाळांतून ते निघून जाते. त्यामुळे चार्टर पहिली लिहिली आणि तिचीच जागा लागली, तर घराजवळच्या शाळेसाठी तुम्हाला नंतर पुन्हा अर्ज करून रांगेच्या शेवटी उभे राहावे लागेल.

दुसरी गोष्ट अशी की घराजवळची शाळा आपल्या हक्काचीच आहे, असे बहुतेकजण गृहीत धरतात. अनेक शाळांत तो हक्क बालवाडीच्या वर्गापासून, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. तीन आणि चार वर्षांच्या वर्गांसाठी हद्दीतल्या मुलांना प्राधान्य असते, पण काही शाळा सोडल्या तर हमी नसते. चार्टर शाळांत तर हद्दीला काहीच अर्थ नाही. त्या आपल्याकडच्या अनुदानित खासगी शाळांसारख्या आहेत, पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा. शुल्क नाही, आणि शहरातल्या कोणत्याही भागातले मूल तिथे अर्ज करू शकते.

तुमच्या यजमानांची बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती लंगडी नाही. बऱ्याच द्विभाषिक शाळा वरच्या इयत्तांत नवी मुले घेत नाहीत, कारण तोवर वर्गातली इतर मुले स्पॅनिशमध्ये पुढे गेलेली असतात, आणि तीन वर्षांच्या वर्गात जितक्या जागा असतात तितक्या पुन्हा कधी निघत नाहीत. घराजवळच्या शाळेचा दरवाजा पाचव्या वर्षी पुन्हा उघडणारच आहे, चार्टरचा उघडेलच असे नाही. नुसता हिशोब मांडला तर "आधी चार्टर, नाही जमले तर परत" हे उत्तर बरोबर येते. पण हा हिशोब मांडणारा माणूस सव्वासहाला घराबाहेर पडतो.

सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र मी वेगळे उत्तर देईन. परदेशातल्या घरांत मराठी मागे पडते ती स्पॅनिशमुळे नव्हे, इंग्रजीमुळे. दोन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळते, ही समजूतही आता सोडून द्यावी. नव्या भाषेच्या वर्गात पुष्कळ मुले सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात, आणि तुमच्या मुलाला इंग्रजीही नवीच असेल तर ते मौन थोडे लांबेल. त्याने घाबरून जाऊ नये. माझ्या मैत्रिणीची नात अशा वर्गात जात असे. एके दिवशी घरी येऊन ती आजीला म्हणाली, "आजी, आग्वा दे!" आग्वा म्हणजे स्पॅनिशमध्ये पाणी. आजी हातातले पोळपाट टाकून आग कुठे लागली ते पाहायला गॅसकडे धावली, आणि इकडे नात पाण्यासाठी रिकामा पेला पुढे करून उभी. त्या मुलीला आज तिन्ही भाषा येतात. मराठी तिला आली, कारण ती आजी रोज दुपारी तिच्याशी मराठीतच बोलत होती.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न इथेच आहे. तुमच्या घरात मराठीची ही दुपार कोण सांभाळणार आहे? उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा पुढे उपयोगी पडतील, पण आठवड्यातून एकदा भरणारी शाळा घरातल्या रोजच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. सप्टेंबरमध्ये तुमच्या हातात महिन्याभराचे बाळ असेल. शहरात सर्वसाधारण मुलांसाठी शाळेची बस सहसा नसते. दोन बस, जाऊन येऊन दीड तास, पुन्हा न्यायला दीड तास, म्हणजे रोजचे तीन तास, पावसात आणि जानेवारीच्या बर्फात, कडेवर एक आणि हाताशी एक. हे तीन तास झोपेतून, विश्रांतीतून आणि मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगण्याच्या वेळेतूनच जाणार. बसमध्येही मराठी बोलता येते, असे कोणी म्हणेल. दमलेले तीन वर्षांचे मूल बसमध्ये एकतर झोपते किंवा रडते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : घराजवळची शाळा पहिली लिहा, चार्टर दुसरी. घराजवळच्या शाळेत मुलाला गल्लीतले सवंगडी मिळतील, ताप आला तर तुम्ही पाच मिनिटांत पोहोचाल, आणि शाळा सुटल्यावर तो जवळच्या बागेत खेळेल. हेही लक्षात असू द्या की भावंडांना सोडतीत प्राधान्य मिळते. थोरला जिथे जाईल तिथेच बहुधा धाकटेही जाईल, तेव्हा हा निर्णय तुम्ही दोन मुलांसाठी घेत आहात. स्पॅनिशची हौस पुढेही भागवता येईल. चार वर्षांच्या वर्गासाठी पुन्हा सोडतीत उतरता येते, जागा थोड्या असल्या तरी. शिवाय द्विभाषिक म्हणजे चार्टरच, असेही नाही. ऑयस्टर-ॲडम्स ही सरकारी शाळा १९७१ पासून स्पॅनिश आणि इंग्रजीत चालते, आणि अशा आणखीही सरकारी शाळा शहरात आहेत.

एका परिस्थितीत मी माझे मत बदलेन. यजमानांनी कार्यालयाची वेळ बदलून घेतली आणि निदान सकाळचे पोहोचवणे स्वतःकडे घेतले, तर चार्टर पहिली लिहायला माझी हरकत नाही. मात्र हे वचन अर्ज भरण्याआधी मिळाले पाहिजे. "बघू, जमवू काहीतरी" याला मी वचन म्हणत नाही. तसे ठरले, तर चार्टर शाळेच्या भेटीच्या दिवशी फलकांवरची स्पॅनिश पाहू नका. जेवताना, हात धुताना आणि मूल रडत असताना शिक्षिका कोणत्या भाषेत बोलतात, ते पाहा, आणि वर्गातल्या किती मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, तेही विचारा. आफ्टरकेअर, म्हणजे शाळा सुटल्यानंतरची देखरेख, किती वाजेपर्यंत असते आणि त्याचे किती पैसे पडतात, याची चौकशी दोन्ही शाळांत करा, कारण शुल्क नसलेल्या शाळेतही तो खर्च असतो.

यजमानांना हे सारे पटवून देण्यात शक्ती घालवू नका. अजून फेब्रुवारी आहे. त्यांना एक दिवस रजा घ्यायला सांगा, मुलाला उठवून, खाऊ घालून, थंडीचे कपडे चढवून त्या दोन बसनी शाळेच्या दारापर्यंत नेऊन आणायला सांगा. तुम्ही घरीच राहा. ते परत आल्यावर चहा झाला की दोघांनी मिळून यादी लिहा.